जखमी टोड घरात आहे, पाण्यातून हलत नाही, खात नाही: काय काय बघायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तळेगावला सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुलैत टोडचा (खरखरीत, मसामसांच्या कातडीचा जमिनीवर राहणारा बेडूक) मागचा पाय स्कूटरच्या चाकाखाली आला, डॉक्टरांनी घोट्यापासून पाऊल काढलं, जखम दीड महिन्यात भरली. तुमचा नववीतला मुलगा त्याला जुन्या दोन फुटी फिशटँकमध्ये सांभाळतोय, खाली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाण्याला प्लास्टिकचा डबा, खायला दुकानातले मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या). दिवाळीपर्यंत सगळं छान होतं, आता पंधरा दिवस झाले तो रात्रंदिवस पाण्यातच बसून राहतो, खाणं कमी झालंय, जीभ मारतो पण किडा तोंडात येत नाही. आणि परवा त्याने स्वतःचीच कातडी ओढून खाल्ली म्हणून मुलगा घाबरलाय. शिवाय तुम्ही विचारलंय की आता याला सोडून द्यायचं का.

मी गेली अठरा वर्षं पुण्याच्या आसपास जखमी बेडूक, साप, घोरपडी असं सगळं सांभाळतोय, त्यात टोड भरपूर आले. म्हणून जरा सविस्तरच लिहितो, कारण एका ओळीत सांगण्यासारखं हे नाहीये.

पहिल्यांदा कातडीचं सांगतो, मुलाला आजच दाखवा हे. कातडी टाकणं आणि ती खाणं एकदम नॉर्मल आहे. सगळेच टोड करतात, घरात ठेवलेत म्हणून आपल्याला दिसतं एवढंच. पुढच्या वेळी लांबून नीट बघा. आधी तो पाठ कमानीसारखी वाकवतो, अंग फुगवतो, मग जांभई दिल्यासारखं तोंड परत परत उघडतो आणि मिटतो, तेवढ्यात कुशीवरून ओला पापुद्रा सुटायला लागतो आणि तोंडाच्या कोपऱ्यातून आत जायला लागतो. शेवटी पुढच्या दोन्ही हातांनी डोक्यावरून स्वेटर काढतात तसं काढून डोळे मिटून गिळून टाकतो. पाच दहा मिनिटांचा खेळ. खाली जी नवी कातडी निघते ती ओलसर, चकचकीत, रंग उजळलेला. काळजी कधी करायची, तर पापुद्रे बोटांना, डोळ्यांपाशी चिकटून राहिले, किंवा रोजच्या रोज कातडी टाकायला लागला तर. तेव्हा कातडीला काहीतरी झोंबतंय किंवा आजार आहे असं समजायचं.

आता पाण्यात बसण्याकडे येतो, माझ्या मते तुमच्या केसची खरी गोम तिथे आहे.

आमच्या गावाकडे पाऊस लांबला की धोंडी निघायची, मुसळाला कडुलिंबाचा पाला आणि त्यात बेडूक बांधलेला, दारोदारी बायका त्याच्यावर तांब्याने पाणी ओतायच्या. मी सात आठ वर्षांचा असेन, उन्हाने मलूल पडलेल्या त्या बेडकाच्या पोटावरून पाणी गेलं की तो कसा पाय ताणायचा आणि डोळे उघडायचा ते बघायला मी गावभर त्यांच्या मागे फिरायचो. मला वाटायचं पाणी तोंडात गेलं. तोंडाने तो पाणी पीतच नाही हे पुढे खूप वर्षांनी कळलं. टोडच्या मांड्यांच्या मधली, पोटाच्या खालची जी पातळ सुरकुतलेली कातडी असते ना, त्यातून तो पाणी ओढतो. ओल्या मातीवर नुसता बसला तरी त्याचं पिणं चालू असतं. श्वासही थोडाफार कातडीतून. म्हणजे त्याच्या पोटाखाली जे काही आहे ते त्याच्या अंगात जाणार, चांगलं पण आणि वाईट पण. टोड सांभाळायचा म्हणजे त्याच्या पोटाखाली काय आहे ते सांभाळायचं, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

तर टोड चोवीस तास पाण्यात बसत असेल, तर बहुतेक वेळा त्याला पाणी आवडतंय असा अर्थ नसतो, त्याला जमीन नकोशी झालीय असा असतो. हा काही पाण्यातला प्राणी नाही, तो रात्री येऊन दहा वीस मिनिटं पाण्यात बसणार आणि परत मातीत जाऊन पडणार. जमीन नकोशी का होते, तर एक म्हणजे कोकोपीट सुकलंय, आणि दुसरं, जे लोकांना माहीतच नसतं, कोकोपीटमध्ये मीठ असतं. नारळाचा काथ्या बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात भिजवलेला असतो, कोकोपीटची जी दाबून केलेली वीट मिळते ती धुतलेली नसेल तर तिच्यात ते क्षार तसेच राहतात. आपल्या हाताला काही कळत नाही, टोडच्या पोटाला कळतं. माझ्याकडून एकदा हे झालंय, घाईत नवी वीट भिजवली आणि तशीच पसरली, मादी तीन दिवस पाण्यातून बाहेर आली नाही आणि मी तिला उन्हाळा सोसत नाही असं समजून खोली गार करत बसलो. चौथ्या दिवशी उचललं तर पोटाखाली गुलाबी झालेलं. कोकोपीट बदललं आणि त्याच रात्री ती मातीत शिरली. तुम्ही दिवाळीच्या साफसफाईत कोकोपीट नवीन घातलं होतं का हे मुलाला विचारा, मला तीच शंका आहे कारण तारखा जुळतायत.

करायचं काय, तर वीट बादलीत भिजवा, जुन्या पंचात किंवा पिठाच्या चाळणीत घालून पाणी पिवळसर यायचं थांबेपर्यंत तीन चार वेळा धुवा, मग पिळा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे पण बोटांमधून पाणी टपकता कामा नये, इतकीच ओल. थर चांगला चार बोटं, एका बाजूला सहा बोटं द्या कारण त्याला पाठीमागून मागच्या पायांनी उकरत उकरत आत जायचं असतं. तुमच्याकडच्याला एक पाऊल नाहीये त्यामुळे तो एका बाजूला फिरत फिरत खाली जाईल, वेळ लागेल, लागू दे. भरड वाळू, फिशटँकचे रंगीत खडे, नर्सरीतली खत घातलेली माती, पांढरे परलाइटचे दाणे, यातलं काहीही नको. खडे किड्याबरोबर गिळले जातात आणि आतड्यात अडकतात, खत कातडीला झोंबतं. वरून सुका पाचोळा पसरा, आंब्याची नाहीतर फणसाची पानं, उकळत्या पाण्यातून काढून. आणि एका कोपऱ्यात फुटक्या कुंडीचं खापर पालथं घाला, त्याच्याखाली तो दिवसभर बसेल. लपायला जागा नसलेला टोड कायम घाबरलेला असतो आणि घाबरलेला टोड खात नाही.

पाण्याचा डबा काढून टाका. कुंडीखाली ठेवतात ती पसरट प्लेट घ्या, पाणी त्याच्या मांडीपर्यंतच आलं पाहिजे, त्यात एक चपटा दगड ठेवा. टोड तसा पोहण्यात कच्चाच, उभ्या भिंतीच्या डब्यातून बाहेर पडता आलं नाही तर दमून बुडतो, याला तर एक पाऊल नाही. पाणी रोज बदलायचं, रोज म्हणजे रोज, कारण तो त्यातच शी शू करतो आणि मग तेच पाणी पोटातून परत आत ओढतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, पसरट भांड्यात चोवीस तास उघडं ठेवलं की बराचसा उडून जातो, किंवा माशांच्या दुकानात क्लोरीन काढायचे थेंब मिळतात ते वापरा. बोअरचं पाणी चालतं. फिल्टरचं आरओ पाणी चांगलं असेल असं सगळ्यांना वाटतं पण कायमसाठी ते नको, त्यात क्षार जवळपास नसतातच आणि टोडच्या अंगातले क्षार उलटे बाहेर जायला लागतात. मीठ जास्त झालं तरी त्रास, अजिबात नसलं तरी त्रास.

याच कारणाने घरातल्या फवाऱ्यांचं सांगतो, जरा कडक शब्दात सांगतो. ज्या खोलीत टँक आहे तिथे डासांचं लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे, उदबत्ती, धूप काही नको. डास मारायच्या बहुतेक औषधांमध्ये जे रसायन असतं ते बेडकांना घातक आहे. टँक फिनेलने किंवा डेटॉलने पुसू नका, कडकडीत पाणी पुरतं. मुलाने हात धुवायचे ते टोडला हात लावायच्या आधी पण आणि नंतर पण, आधी नुसत्या पाण्याने म्हणजे साबण, क्रीम, सॅनिटायझर त्याच्या अंगाला लागत नाही, नंतर साबणाने म्हणजे त्याचं आपल्याला लागत नाही, बेडकांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. आणि कोणी पावसाळ्यात दारात आलेल्या टोडवर मीठ टाकत असेल तर त्याला हात जोडून थांबवा. वरचं सगळं वाचल्यावर त्या प्राण्याला काय होत असेल ते कळेल.

त्याच्या विषाबद्दल सोसायटीतल्या लोकांनी भीती घातलीय असं तुम्ही लिहिलंय. डोळ्यांच्या मागे दोन लांबट फुगीर गाठी असतात, त्यात दुधासारखा पांढरा चीक असतो, तो खरंच विषारी आहे, हृदयावर परिणाम करतो. पण टोड तो पिचकारी मारून उडवत नाही, कोणी चावलं किंवा जोरात दाबलं तरच बाहेर येतो. हाताला लागला तर धुवायचं, तेच हात डोळ्याला लावायचे नाहीत, लावले तर भरपूर पाण्याने डोळा धुवायचा. हात लावल्याने चामखीळ येते हे साफ खोटं, चामखीळ माणसांच्या एका व्हायरसने होते. घरात कुत्रा असेल तर मात्र खरंच जपा. कुत्र्याने टोड तोंडात धरला की तोंडाला फेस येतो, अशा वेळी ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसायची, पाणी घशात ओतायचं नाही, आणि थेट डॉक्टर.

आता खाण्याचं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, खायची इच्छा कमी होणं वेगळं आणि जीभ मारून किडा न मिळणं वेगळं.

इच्छा कमी होण्याचं कारण बहुतेक थंडी. तळेगावला नोव्हेंबरात रात्री पारा चांगलाच उतरतो, टोडचं अंग बाहेरच्या हवेइतकंच गरम असतं, थंडीत त्याचं पचन मंदावतं आणि तो आपण होऊन खाणं कमी करतो. बाहेर असता तर एव्हाना कुठेतरी दगडाखाली, मुळांच्या बेचक्यात जाऊन बसला असता. धडधाकट टोडला मी असाच राहू देतो. पण तुमचा नुकताच जखमेतून उठलाय आणि वरून खात नाहीये, म्हणून याला २४ ते २६ डिग्रीच्या आसपास ठेवा. टँक गॅलरीतून आतल्या खोलीत आणा, खाली आणि तीन बाजूंनी थर्माकोल लावा, जाळीच्या झाकणाचा अर्धा भाग कापडाने झाका म्हणजे ओल पण टिकेल. काचेच्या खालच्या चार बोटं भागावर बाहेरून कागद चिकटवा, पलीकडचं दिसलं की तो काचेवर नाक घासत राहतो आणि नाकाची कातडी सोलते. खालून गरम करायची पॅड मात्र लावू नका. टोडला गरम झालं की तो खाली खणत जातो, गार मिळेल म्हणून, आणि खालीच पॅड असेल तर तो भाजण्याकडेच जातो. उन्हाचा कवडसाही टँकवर नको, काचेचा डबा भराभर तापतो.

दुसरं, जिभेचं. इथे मला जास्त काळजी वाटते. चार महिने नुसते मीलवर्म खाल्लेत त्याने. मीलवर्ममध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, असं बरेच महिने चाललं की हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो, पाय थरथरतात. आणि जीवनसत्त्व अ कमी पडलं की जिभेवरचा चिकटपणाच जातो. अमेरिकेतल्या वायोमिंग टोडवर हे नीट अभ्यासलं गेलंय, ती जात जवळपास संपली होती म्हणून माणसांनी पाळून वाढवली, आणि त्या पाळलेल्यांमध्ये जीभ किड्याला लागायची पण किडा चिकटायचाच नाही. गाजर खाल्लेले किडे देऊन हे पूर्ण भरून निघत नाही, कारण गाजरातल्या रंगापासून जीवनसत्त्व अ बनवणं बेडकांना नीट जमत नाही, त्यांना तयार अ लागतं. पण हे घरच्या घरी माणसांच्या कॅप्सूल फोडून देऊ नका, जास्त झालं तरी तितकंच वाईट, थेंबाथेंबाचा हिशोब असतो. पक्षी, कासवं वगैरे बघणारे डॉक्टर पुण्यात आहेत, त्यांच्याकडे न्या आणि सांगा की जीभ मारतो पण चिकटत नाही. टोडचं आधी वजन करा, स्वयंपाकघरातला छोटा काटा चालतो, डब्यात ठेवून. आजचं वजन वहीत लिहा आणि दर रविवारी लिहीत जा, डोळ्याला दिसायच्या आधी काट्याला कळतं.

खायला काय द्यायचं तर गांडूळ सगळ्यात उत्तम. कॅल्शियम किड्यांपेक्षा बरं असतं आणि पाणीही जातं पोटात. पण गांडूळखताच्या बेडमधली ती लाल पट्टेवाली गांडुळं नकोत, त्यांच्या अंगातून पिवळट कडू द्रव निघतो, टोड तोंडात घेऊन थुंकतो आणि एकदा थुंकलं की पुढचे काही दिवस साधं गांडूळही बघत नाही. औषध न मारलेल्या कुठल्याही मातीतली साधी तपकिरी गांडुळं घ्या, धुवा, मोठं असेल तर दोन तुकडे करा. सोबत रातकिडे, पाळलेली लहान झुरळं, छोटे नाकतोडे. वाळवी मिळाली तर सोनं, पुठ्ठा ओला करून झाडाखाली दगडाने दाबून ठेवा, वाळवी असेल त्या भागात आठवडाभरात लागते. स्वयंपाकघरातलं झुरळ पकडून देऊ नका, ते कुठलं जेल चाटून आलंय ते माहीत नसतं. धुराची गाडी फिरते त्या दिवसानंतर सोसायटीच्या दिव्याखालचे किडेही नकोत. किडा किती मोठा, तर त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. रातकिडे आणि झुरळं देताना पिशवीत घालून कॅल्शियमच्या पावडरीत हलवायची, जीवनसत्त्व डी३ वालं कॅल्शियम आठवड्यातून एकदा, बाकी वेळा साधं. तुमच्या मोठ्या टोडला एका वेळी चार पाच किडे किंवा एखादं मध्यम गांडूळ, दर दोन तीन दिवसांनी, संध्याकाळी दिवा मंद केल्यावर. रोज कोंबत राहिलात तर तो खातच राहील, घरातले टोड लठ्ठ होतात. उरलेला रातकिडा रात्रभर आत ठेवू नका, भुकेला रातकिडा झोपलेल्या टोडची कातडी कुरतडतो.

भात, पोळी, चिकनचा तुकडा, माशांचं खाणं हे तुम्ही देऊन बघितलंत आणि त्याने बघितलंही नाही, त्यात त्याची चूक नाही. जे हलत नाही ते त्याच्यासाठी अन्नच नाही. आणि नुसतं हलून चालत नाही, कसं हलतंय तेही तो बघतो. जर्मनीतल्या योर्ग पेटर एवर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने टोडवर या विषयाचे खूप प्रयोग केले. काळ्या पुठ्ठ्याची पट्टी आडवी, तिच्या लांबीच्या दिशेने सरकवली की टोड तिच्यावर झडप घालतो, तीच पट्टी उभी करून बाजूला सरकवली की दुर्लक्ष करतो नाहीतर दबकतो. आडवं सरकतं ते गांडूळ, उभं सरकतं ते काहीतरी भलतंच. हे कळल्यापासून माझं चिमट्याने भरवणं बदललं. आपण काय करतो, गांडुळाचं एक टोक चिमट्यात धरून त्याच्या तोंडासमोर लोंबकळत नाचवतो, आणि तो मागे सरकतो. तसं नाही करायचं. बोथट टोकाच्या चिमट्याने गांडूळ जमिनीवर आडवं ठेवा, त्याच्या समोरून चार पाच बोटं अंतरावर हळू ओढत न्या, थांबा, परत ओढा. तो मान वळवेल, मग पूर्ण अंग त्या बाजूला फिरवेल, पुढे वाकेल, आणि नीट बघितलंत तर त्याच्या मागच्या पायाचं लांब बोट टपटप टपटप हलायला लागेल. ते बोट हललं की समजा त्याला भूक आहे, आता चिमटा सोडून द्या. मला ते बोट बघायला अजून आवडतं, आणि आजारी टोडचं बोट पहिल्यांदा हललं त्या रात्री मी बिनघोर झोपतो. गिळताना तो डोळे मिटतो, ते चवीने नाही, डोळ्यांचे गोळे आत दाबून तो घास घशाकडे ढकलतो.

जिभेने उचलत नसेल तर तोपर्यंत घास त्याच्या ओठाला लागेल इतका जवळ द्या, बरेच टोड जीभ न वापरता जबड्याने पकडतात. जबरदस्तीने तोंड उघडू नका, हाडं मऊ झाली असतील तर जबडा मोडेल. ते काम डॉक्टरांचं.

हात लावण्याबद्दल, मुलाला त्याचा लळा लागलाय हे कळतं आणि चार महिने एवढ्या मायेने केलंय त्याने, त्याला माझी शाबासकी सांगा. पण टोडला कुरवाळून घ्यायचं सुख नसतं, उचललं की तो हातात शू करतो ना, ती घाण म्हणून नका बघू, ते त्याच्या मूत्राशयात साठवलेलं पाणी असतं, अडीअडचणीला वापरायचं. ते आपण रोज उचलून रोज सांडवतो. म्हणून उचलायचं ते साफसफाई, वजन, डॉक्टर एवढ्यासाठीच, ओल्या हाताने, पोटाखालून आधार देऊन. उचलल्यावर चिवचिव असा बारीक आवाज करत असेल तर तो नर आहे, सोड मला असं म्हणतोय. मुलाला सांगा, रात्री खोलीत अंधार करून लाल कागद लावलेल्या टॉर्चने लांबून बघ, तुला रोज उचलण्यापेक्षा जास्त काहीतरी दिसेल.

रोज बघायचं ते असं. पोट आणि मांड्यांची आतली बाजू लालसर, बारीक रक्त साकळल्यासारखी झालीय का, कारण ते जिवाणूंचं इन्फेक्शन असू शकतं आणि बेडकांमध्ये ते फार वेगाने अंगात पसरतं, त्याच दिवशी डॉक्टर. डोळे खोल गेलेत, कातडी चिमटीत धरल्यावर तशीच उभी राहते, तर पाणी कमी पडलंय, सेंटीमीटरभर पाण्यात अर्धा तास बसवा. मागून गुलाबी मांसासारखं काही बाहेर आलंय, तर ते ओलं ठेवून लगेच न्या, ओढू नका. उलटा केल्यावर सरळ होत नाही, दिवसा उघड्यावर पाय पसरून पडलाय, तरी न्या. शी मात्र रोज दिसली नाही तरी चालते, आली की काळी, लांबडी, आत पंखांचे तुकडे चमकतात, अंगाच्या मानाने केवढी मोठी म्हणून लोक घाबरतात, ती तशीच असते.

टोड कुठला आहे ते फोटोवरून कळलं, आपल्याकडचा नेहमीचाच आहे, डोळ्यांवरून गेलेल्या काळ्या कडा आणि मसांची काळी टोकं. शास्त्रीय नाव दत्ताफ्रायनस मेलानोस्टिक्टस, त्यातलं दत्ता म्हणजे आपले भारतीय बेडूकतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता, त्यांच्या नावावरून. हे सांगायचं कारण, सह्याद्रीत सगळेच टोड नेहमीचे नसतात. आंबोलीच्या पठारावर एक छोटा पिवळट, पट्ट्यापट्ट्यांचा टोड आहे, झँथोफ्रायनी टायगेरिना, २००९ साली त्याचं वर्णन झालं आणि तो तेवढ्याच भागात सापडतो. कोयनेचा वेगळा. ट्रेकला गेल्यावर असलं काही दिसलं तर फोटो काढा आणि जागचं हलवू नका, घरी आणणं तर सोडाच. तुमच्या या नेहमीच्या टोडबद्दलही वनविभागाला कळवून ठेवा, १९२६ ही त्यांची हेल्पलाइन आहे. जंगली प्राणी घरात ठेवलाय तर का आणि कधीपर्यंत हे त्यांच्याकडे नोंदलेलं बरं, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

आता सोडायचं का. माझं स्पष्ट मत, सोडायचं, पण आत्ता नाही. आत्ता थंडी, किडे कमी, माती सुकत चाललीय, अंगावर चरबी नाही, सोडलात तर मरायलाच सोडल्यासारखं. जूनमध्ये दोन चार पाऊस नीट झाले की सोडा. एक पाऊल नसलेले टोड मी बाहेर जगलेले बघितलेत, टोड लांब उड्यांवर जगत नाही, तो चालतो, छोट्या टुणक्या मारतो, बसून वाट बघतो. दोन्ही डोळे शाबूत आहेत हे महत्त्वाचं. मे महिन्यात मुलाला ही परीक्षा घ्यायला सांगा: उलटा केला की स्वतः सरळ होतो का, चिमट्याशिवाय मोकळा रातकिडा पकडतो का, एका रात्रीत स्वतःला मातीत गाडून घेतो का, पावलाच्या जागी कातडी जाड आणि कोरडी झालीय का, घासून रक्त येत नाही ना. चारही जमलं तर तो जाणार. पकडता किंवा पुरून घेता येत नसेल तर तो तुमच्याकडेच राहणार आणि मग ही वर्षानुवर्षांची जबाबदारी आहे हे धरून चाला.

जागा एकच, जिथे सापडला तेच कंपाउंड. पवनेच्या काठी चांगलं आहे, लोणावळ्याला हिरवं आहे असं करू नका. बेडकांना होणारी एक बुरशी आहे, कायट्रिड म्हणतात, १९९९ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं, जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती तिने संपवल्या आणि आपल्या सह्याद्रीतही ती सापडलीय. ती पण कातडीलाच लागते. एका ठिकाणचा बेडूक दुसरीकडे नेला की आपल्याला न कळता तीही जाते. आणि आपला हाच टोड मादागास्करमध्ये पोचला, बहुधा जहाजांच्या कंटेनरमधून, २०१४ मध्ये तिथल्या तोआमासिना बंदराजवळ पहिल्यांदा लक्षात आला, आता तिथल्या प्राण्यांना त्याच्या विषाची सवय नाही म्हणून तिथले लोक हवालदिल आहेत. म्हणून पार्किंगमागच्या झाडांपाशीच सोडा, गाड्यांपासून लांबच्या टोकाला, रात्री पाऊस चालू असताना. आणि तोपर्यंत टँकमध्ये दुसरा बेडूक सोबतीला आणू नका, त्याला सोबत लागत नाही.

तर आज रात्री फक्त दोन गोष्टी करा, बाकी उद्या. डबा काढून पसरट प्लेट ठेवा, आणि कोकोपीट धुवायला वेळ नसेल तर एका बाजूचं काढून तिथे स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेलं जुनं सुती फडकं अंथरा, वर खापर. सकाळी तो पाण्यात आहे की फडक्यावर ते मला कळवा, फडक्यावर असला तर कोकोपीटचंच होतं. आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट या आठवड्यातच घ्या, जिभेचं लांबवू नका.